सात कोरे रकाने

वसंता, शोकसभेत तुला दीपस्तंभ म्हणाले. अध्यक्ष दोनदा म्हणाले, आणि आभार मानायला उठलेले चिटणीस तिसऱ्यांदा. त्या वेळी मी तुझ्या फोटोकडे बघायचं टाळलं. तू हसतोयस असं वाटलं असतं. सेम्बावांगच्या गोदीत वीस वर्षं जहाजांची पोटं तपासलेल्या माणसाला दीपस्तंभ म्हणजे काय हे कुणी सांगायला नको. जिथे जहाज फुटेल अशा खडकावर तो उभा करतात, लोकांनी लांबून जावं म्हणून. सभेतले सगळे मात्र सांगत होते की आम्ही त्याच्याकडे बघत बघत सरळ गेलो.

असली सभा तुला आवडली नसती, असं लिहिणार होतो. पण ते खोटं झालं असतं. तुला आवडली असती. कम्युनिटी क्लबचा हॉल भरला होता. एसी इतका गार की निर्मलावहिनी शाल घट्ट धरून बसल्या होत्या. दुःखाने की थंडीने, हे कुणी विचारलं नाही. प्रोजेक्टरवर तुझे फोटो येत होते. त्यातल्या एकात तू तुझ्या तक्त्यासमोर हातात पट्टी घेऊन उभा होतास, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि प्रसंग आठवून अर्ध्यात थांबवली.

मलाही बोलायला लावलं. सर्वांत जुना मित्र म्हणून. बुद्धिबळाचं बोललो, तू कढीत घालायचास त्या मिरच्यांचं बोललो, लोक हसले, दोघीतिघींनी डोळे पुसले. एक वाक्य खोटं नव्हतं. जे सांगायला हवं होतं ते मात्र पाकिटासारखं खिशातच राहिलं.

तुझ्या तक्त्याची मी पहिल्यापासून चेष्टा केली. त्याला मी दरबार म्हणायचो. दर वर्षी ऑक्टोबरमधे, इथल्या सेकंडरी टूचे, म्हणजे आपल्याकडच्या आठवीचे, निकाल लागले की पुढच्या शनिवारी सकाळी तुझ्या फ्लॅटबाहेर चपलांचा ढीग. समोरच्या चिनी आजी दार उघडून ढिगाकडे बघायच्या आणि दार लावून घ्यायच्या. आत उपम्याचा वास, सतरंजीवर चौदा वर्षांची कंटाळलेली मुलं, खुर्च्यांवर त्यांचे आईबाप, आणि भिंतीला चिकटवलेला जहाजाचा जुना आराखडा, उलटा, त्याच्या कोऱ्या पाठीवर तू चार रंगांत काढलेले विषयांचे गट. उन्हाची तिरीप आली की फिजिक्स-केमिस्ट्रीच्या मागून एखाद्या तेलवाहू जहाजाच्या टाक्या दिसायच्या.

"हे बघा," तू पट्टी आपटायचास. "शाळा आठ गट देते. म्हणते, पसंतीक्रम लिहा, एक ते आठ. सेकंडरीच्या तिसरीत आणि चौथीत तेच विषय, शेवटी ओ लेव्हलच्या परीक्षेलाही तेच, म्हणजे पुढचा सगळा रस्ता इथे ठरतो. मार्कांप्रमाणे जागा वाटतात. आता तुम्ही शहाण्यासारखे आठही रकाने भरता. म्हणजे काय करता? शाळेला सांगता की आम्हाला दुसरंही चालेल, तिसरंही चालेल. चालेल म्हटल्यावर कोण पहिलं देईल? मंडईत दुसऱ्या ढिगाकडे नजर गेली की बाई पहिल्याचा भाव कमी करते का? एकच लिहायचा. बाकी सात कोरे."

"वसंता," मी मागून म्हणायचो, "मार्क मशीन बघतं. मशीनला मंडई माहीत नाही."

"मशीनला बटण दाबणारा माणूस असतो, विद्वान."

विद्वान म्हणायचास मला. बँकेत हिशेब तपासणाऱ्या माणसाने घरी चार कपाटं पुस्तकं ठेवली म्हणून. त्या शब्दात कौतुक किती आणि खवचटपणा किती, ते आपल्या दोघांनाही कधी नक्की कळलं नाही, आणि त्यावरच आपली मैत्री टिकली असावी.

तुझ्या पद्धतीला पुरावा एकच होता: तुझा थोरला. त्याने एकच गट लिहिला आणि तोच त्याला मिळाला. तो वर्गात पहिला होता. त्याने रकाने कोरे ठेवले काय, भरले काय किंवा त्यांत फुलं काढली काय, तोच गट मिळाला असता. हे मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, "आधी तुझ्या मुक्ताचं येऊ दे, मग बोल."

मुक्ताचं आलं ते सार्सची साथ आली त्या वर्षी. त्या वर्षाबद्दल लिहिताना हात जरा अडतो, कारण तुझ्यावर चिडायचं म्हणून मी बसलोय आणि मधेच ते वर्ष येतं. माझ्या शेजारी बसणारा सहकारी आजारी पडला आणि आम्हा तिघांना, मला, बायकोला आणि मुक्ताला, दहा दिवस घराबाहेर पडायची बंदी झाली. शेजाऱ्यांनी लिफ्टमधे आमच्या मजल्याचं बटण कोपराने दाबायला सुरुवात केली. तू रोज कामावरून सुटल्यावर सेम्बावांगहून टॅम्पिनीसला, तास-सव्वा तास एमआरटी मेट्रोत उभा राहून यायचास, आमच्या दाराच्या जाळीला पिशवी अडकवायचास, दूध, कोथिंबीर, पाव, आणि खाली जायचास. मग इमारतीखालच्या त्या दगडी टेबलावर, ज्याच्यावर बुद्धिबळाचा पट रंगवलेला असतो, सोंगट्या मांडून मोबाइलवर मला खेळी सांगायचास. मी नवव्या मजल्यावरून खिडकीतून तुझं टक्कल बघत उत्तर द्यायचो. त्या दहा दिवसांत तू माझी सोंगटी माझ्या नकळत हलवलीस असा मला अजून संशय आहे. तेवढ्या उंचीवरून सिद्ध करता येत नाही.

अशा माणसाला, सहा महिन्यांनी, मी खोटं सांगितलं.

मुक्ताला लिटरेचर आणि बायॉलॉजी एकत्र हवे होते. असा गट एकच होता आणि जागा थोड्या. मार्क बरे होते, भारी नव्हते. तिने स्वतः विचार करून पेन्सिलीने आठही रकाने भरले होते: पहिला तो, दुसऱ्यात इतिहास आणि बायॉलॉजी, असं खाली उतरत शेवटी प्रिन्सिपल्स ऑफ अकाउंट्स. शेवटच्यापुढे तिने एक छोटं रडकं तोंड काढलं होतं. बापाचा धंदा.

जेवणाच्या टेबलावर तो कागद माझ्यापुढे सहीसाठी आला, आणि वसंता, वीस वर्षं ज्याने सत्यनारायणापासून कंपनीच्या ध्येयधोरणांपर्यंत सगळ्यांना हसून घेतलं, त्या माणसाला घाम फुटला. तुझी पट्टी ऐकू यायला लागली. चालेल म्हटल्यावर कोण पहिलं देईल? दुसऱ्याच्या मुलीचा फॉर्म असता तर मी त्या वाक्याची अर्धा तास टिंगल केली असती. माझ्या मुलीचा होता. मी खोडरबर घेतलं आणि सात रकाने पुसले.

"बाबा! टीचर सेज मस्ट फिल ऑल."

"म्हणतात तसं."

"धिस वन वसंतकाकाज् आयडिया, राइट?"

"नाही. माझी."

तिने कागद उचलून उजेडात धरला. पुसलेली अक्षरं अजून दिसत होती. "ओके लाह," ती म्हणाली. "यू साइन."

मी सही केली. छान, वळणदार.

तिला अकाउंट्स मिळालं. त्याबरोबर कम्बाइन्ड सायन्स आणि जे काही उरतं ते. मी शाळेत फोन केला. बाई अतिशय नम्र होत्या. म्हणाल्या, पहिल्या गटाची यादी तिच्या दोन जागा वर बंद झाली. आणि दुसरी पसंती दिली असती तर दुसरा गट सहज मिळाला असता, पण बाकी सगळं कोरं होतं, सर. आम्हाला वाटलं की बाकीचं कुठलंही चालेल. आता जागा भरल्या आहेत.

'कुठलंही चालेल.' तू म्हणायचास की कोरं ठेवलं म्हणजे आपण ठाम आहोत हे त्यांना कळतं. त्यांना नेमकं उलटं कळलं होतं, आणि फॉर्मवर छापलेलंही तेच होतं, बारीक अक्षरांत. बारीक अक्षरं वाचण्याचा मला पगार मिळतो.

मुक्ता रडली नाही. इथेच ती मला थोडी मोठी वाटली आणि मी स्वतःला फारच लहान. लायब्ररीतून आणलेली चार पुस्तकं तिने परत केली आणि त्या आठवड्यात नवी आणली नाहीत.

मग पुढच्या रविवारी तू आलास. दारात चपला काढता काढताच विचारलंस, "काय रे, काय मिळालं मुक्ताला?"

मी म्हणालो, "हवं ते."

"बघ! म्हटलं नव्हतं?"

इथे मी थांबलो असतो तरी एक खोटं झालं असतं. पण तुझा चेहरा असा उजळला की मला ते सहन झालं नाही. "तुझं कोण ऐकतंय," मी म्हणालो. "आठही रकाने भरले होते. पहिलाच मिळाला."

तू एक चप्पल हातात घेऊन क्षणभर उभा राहिलास. "मग तर उत्तमच," म्हणालास, आणि पट मांडलास. मुक्ता आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

तुझी पद्धत फसली हे सांगायचं म्हणजे ती मी वापरली हे कबूल करायचं. तेवढं मला जमलं नाही. पुढच्या ऑक्टोबरमधे दरबार भरला, त्याच्या पुढच्यातही. मी मागे बसून तीच चेष्टा करायचो, पण जरा हळू आवाजात. ज्यांचं जमलं ते तुझ्याकडे पेढे घेऊन आले. ज्यांचं फसलं त्यांनी काय केलं असेल ते मला चांगलं माहीत आहे. मी केलं तेच. तुझ्या दाराशी कधी पेढ्यांशिवाय काही आलंच नाही, मग तुला तरी दुसरं काय वाटणार होतं? अशी मी तुझ्या वतीने चार वर्षं वकिली केली. तुला माहीत नव्हतं, हा माझा गुन्हा आणि तुझी सुटका. शोकसभेपर्यंत ती वकिली चांगली चालली होती.

सभा संपल्यावर अश्विनी भेटली. बुओना व्हिस्टाला कॉन्डोत राहते ती, तिचा नवरा तिथेच कुठल्याशा टेक कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आले. तिची सानिका सेकंडरी टूला. डोळे लाल झाले होते बिचारीचे.

"काका, सोमवारी सानिकाचा फॉर्म द्यायचाय. वसंतकाकांनी गणपतीत सांगितलं होतं तसा एकच गट लिहिलाय. आता ते नाहीत... तुम्ही एकदा नजर टाकाल?"

आणि मी काय म्हणालो असेन? "छान केलंत," म्हणालो. तुझ्या फोटोपासून सहा फुटांवर.

एमआरटीत मुक्ता माझ्याशेजारी बसली होती. आता अठरा वर्षांची आहे, पॉलिटेक्निकला, अकाउंटन्सीच्या दुसऱ्या वर्षात. तिला त्यात गती आहे. हेच मला जास्त लागतं. नापास झाली असती तर निदान भांडता आलं असतं. दोनतीन स्टेशनं गेल्यावर ती म्हणाली, "यू नेव्हर टेल हर, आह?"

"काय?"

"दॅट इट डझन्ट वर्क. ती सानिका इज गोइंग टू किना सेम थिंग, तिचंही तसंच होणार."

"आजच कसं सांगणार? त्याच्या शोकसभेत? त्याला माहीतही नव्हतं गं."

मुक्ता माझ्याकडे वळली. "बाबा. काकांना माहीत होतं."

"कधीपासून?"

"लाँग टाइम ऑलरेडी. त्या वर्षी संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो होतो ना आपण? ही आस्क्ड मी, नवीन पुस्तकं कुठली घेतलीस. आय टोल्ड हिम, लाह. सगळं. तुम्ही खोडलंत ते पण."

"काय म्हणाला?"

"सॉरी म्हणाले. देन ही सेड, बाबाला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. तो सांगेल आपणहून."

तो सांगेल आपणहून! वसंता, चार वर्षं, जवळजवळ प्रत्येक रविवारी, तू माझ्यासमोर बसून सोंगट्या हलवल्यास. मला वाटायचं मी काहीतरी लपवतोय. तू ते पटावर मांडून ठेवलं होतंस आणि माझ्या खेळीची वाट बघत होतास. किती उदार, असं तुझ्यावरच्या भाषणांत कुणी म्हणालं असतं. मी म्हणणार नाही. माझी वाट बघ, जन्मभर बघ, ते आपल्या दोघांतलं होतं. पण मधे तीन ऑक्टोबर गेले. तू तिन्ही वेळा पट्टी आपटलीस. एकदा नाही म्हणालास की बाबांनो, एका घरी हे फसलंय, जरा जपून. नाव सांगायचीही गरज नव्हती. तुला माहीत असून तू गणपतीत त्या अश्विनीला सांगितलंस, एकच लिही.

मी विचार केला, का? मला दोन उत्तरं सुचतात आणि दोन्ही मला आवडत नाहीत. एक, तुला तो तक्ता आवडत होता, तो उपमा, त्या चपला, आणि त्या चपला गेल्या असत्या. दुसरं असं की जोवर मी तोंडाने सांगत नाही तोवर ते घडलंच नाही, असं तू धरून चालला होतास. दोन्ही मला आतून ओळखीची आहेत, म्हणून सुचली. भांडायला तू हवा होतास. ही काय वेळ झाली रे जायची, माझा राग आत्ता कुठे तयार होत होता.

काल रविवार. तुझ्याकडे यायच्या वेळेला मी बुओना व्हिस्टाला गेलो. अश्विनीने चहा ठेवला. सानिका फॉर्म घेऊन आली. वरती एक गट, खाली सात रकाने, पांढरेशुभ्र.

"हे भरा," मी म्हणालो. "सगळे."

अश्विनीला वाटलं मी थट्टा करतोय. "अहो काका, तुम्ही त्यांच्या पद्धतीला नेहमी हसायचात म्हणून... पण ती कधी फसली नाही म्हणतात सगळे."

"माझ्या घरात फसली."

पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. काही झालं नाही. पंखा चालू होता. मी पुढचं सगळं सांगितलं, खोडरबरासकट, शाळेतल्या बाई काय म्हणाल्या त्यासकट. सानिका ऐकत होती आणि मधेच तिने गुपचूप पेन काढलं.

अश्विनीने गॅस बंद केला. मग म्हणाली, "चार वर्षं तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"नाही."

"वसंतकाकांनासुद्धा?"

"नाही."

"कमाल आहे," ती म्हणाली. चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला, आणि साखर विचारली नाही. बरोबरच आहे. तुला काही म्हणाली नाही ती. आदल्या दिवशी तुझा फोटो पाहून रडली होती, एवढ्यात तुझ्यावर रागावणं तिला शक्य नव्हतं. तो सगळा माझ्या वाट्याला आला. तुला माहीत होतं हे मी तिला सांगितलं नाही. विचार करून सांगितलं नाही. ते मी तुझ्यासाठी केलं की पुन्हा एकदा सवयीने, ते ठरवता येत नाही.

सानिकाने आठही रकाने भरले. तिसरा आणि चौथा लिहिताना ती पेन तोंडात धरून बराच वेळ थांबली, खिडकीबाहेर बघितलं, मग अदलाबदल केली. कुणी काही सांगितलं नाही तिला. आपल्या दोघांच्याही डोक्यात ती एवढी साधी गोष्ट कधी आली नव्हती, की तो फॉर्म त्यांचा असतो.

घरी आलो. दगडी टेबलाशी थोडा वेळ बसलो. कुणी दोन म्हातारे त्यावर कॉफीचे कप ठेवून गेले होते. मी वर बघितलं, माझ्या खिडकीकडे. खालून ती फार लहान दिसते. तू दहा दिवस मान वर करून तिथे बघत असायचास.

तू दारात उभा राहून, एक चप्पल हातात घेऊन, मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर असं: मुक्ताला तिला हवं ते मिळालं नाही, वसंता. तिला अकाउंट्स मिळालं. रकाने मी पुसले, तुझं ऐकून.

आता तू बोल.